हिवरे बाजारहून बंधारा नको, वही आणा: गावाचा पाण्याचा ताळेबंद कसा मांडायचा

हिवरे बाजारसारखी पाण्यासाठी नावाजलेली गावं बघायला गावोगावचे अभ्यासदौरे बहुधा ऑगस्टात निघतात. डोंगर हिरवे, नाले वाहते, बंधाऱ्यापाशी फोटो. परत आल्यावर ग्रामसभेत एकच मागणी होते: आपल्यालाही तसाच बंधारा मंजूर करा. दौरा मे महिन्यात काढा. त्या गावच्या विहिरींना मेअखेर पाणी आहे का आणि असेल तर ते कशामुळे उरलं, हे तेव्हाच दिसतं.

सरपंच आणि ग्रामसेवक एवढेच जाऊन भागत नाही. दोन विहीरवाले, दोन बोअरवाले, उन्हाळी कांदा करणारा एखादा, भूमिहीन घरातलं कुणी आणि पाणी भरणाऱ्या दोन-तीन बाया हव्यातच. तिथं बंधाऱ्याचा खर्च विचारत बसू नका. पाऊस कमी झाला त्या वर्षी कुणी काय पेरायचं सोडलं, नियम कुणी मोडला तर काय केलं आणि नोंदवही कुठं आहे, हे विचारा.

तीन ठिकाणच्या तीन पद्धती माहीत असाव्यात. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार कमी पावसाचं गाव. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यावर तिथं पाणलोटाची कामं झाली, पण गाव टिकलं ते उसाला, केळीला आणि शेतीसाठीच्या बोअरला बंदी घातल्यामुळे, आणि दरवर्षी पाऊस मोजून पिकं ठरवल्यामुळे. पुरंदर तालुक्यात नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटलं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, ऊस नाही. आंध्रात शेतकऱ्यांनी चालवलेल्या भूजल प्रकल्पात बंदी अशी नव्हतीच. शेतकरी स्वतः विहिरी मोजत, आकडे फलकावर लिहीत आणि रब्बीआधी हिशोब मांडून आपलं पीक ज्याचा तो ठरवत. या तिन्ही ठिकाणी आधी पाण्याचा हिशोब झाला आणि मग पीक ठरलं. आणायचं आहे ते हेच.

सुरुवात पर्जन्यमापकापासून. तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, झाड किंवा भिंत जेवढी उंच त्याच्या किमान दुप्पट अंतरावर, आणि नोंद रोज सकाळी साडेआठला. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर तो बसवू नका. वाऱ्यामुळे तिथं पाऊस कमी पडल्याचं दिसतं.

मग विहिरी. माथा, मधला भाग आणि पायथा मिळून आठ-दहा उघड्या विहिरी निवडा. बोअर खोलातलं पाणी ओढतं, त्यावरून वरच्या थराचा अंदाज येत नाही. कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा. टोकाला जड नट बांधा. कठड्याची उंची वजा करायला विसरू नका. मोटर किमान बारा तास बंद हवी. म्हणून शेतीला रात्रीची लाइट असेल त्या आठवड्यात सकाळी मोजायला जाऊ नका. उपसलेल्या विहिरीचा आकडा तुम्हाला फसवणार. मोजणी दोनदा: मेअखेर आणि सप्टेंबरच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत.

सप्टेंबरच का? कारण २ ऑक्टोबरला ग्रामसभा असतेच, आणि कांद्याचं रोप एकदा वाफ्यात टाकलं की ते मोडायला कुणी तयार होत नाही. परतीचा पाऊस चांगला झाला तर ऑक्टोबरअखेर पुन्हा मोजून आकडा वाढवा. वाढवलेला आकडा सगळ्यांना चालतो, कमी केलेला कुणालाच चालत नाही.

आता हिशोब. समजा ६०० हेक्टर शिवार आहे (तीव्र उताराचा डोंगर यात धरायचा नाही) आणि मेपासून सप्टेंबरपर्यंत विहिरींची पातळी सरासरी ३ मीटर वाढली. आपल्या काळ्या पाषाणात खडकाच्या आकारमानाच्या सुमारे २ टक्के पाणीच उपसता येतं. ६० लाख चौरस मीटर गुणिले ३ गुणिले ०.०२, म्हणजे ३ लाख ६० हजार घनमीटर, ३६० टीसीएम. एक टीसीएम म्हणजे दहा लाख लिटर. सगळ्यात मोठी चूक इथंच होते: ‘विहिरी भरल्या’ म्हणून कुणीतरी १०-१५ टक्के धरतो आणि कागदावर पाच-सातपट पाणी तयार होतं. पडताळा पावसावरून घ्या. ४५० मिलिमीटर पाऊस ६०० हेक्टरवर म्हणजे २,७०० टीसीएम. त्यातले ३६० म्हणजे १३ टक्के. हा आकडा २५ च्या वर गेला तर मोजणीत घोळ आहे.

आधी पिण्याचं बाजूला काढा. १,८०० माणसं, रोज ५५ लिटर, जुलैअखेरपर्यंत ३०४ दिवस: ३० टीसीएम. ६०० मोठी जनावरं, ५० लिटरप्रमाणे: ९. शेळ्यामेंढ्या आणि नासाडी धरून ४५ ठेवा. नाल्यावाटे खाली जाणारं १० टक्के, म्हणजे ३६, तेही वजा. खालच्या गावाचाही त्यावर हक्क आहे. उरले २७९.

एक हेक्टरला ६ सेंटिमीटरचं एक पाणी म्हणजे ०.६ टीसीएम. हरभऱ्याला दोन पाळ्या, १.२. गव्हाला सहा, ३.६. उन्हाळी कांद्याला पाच सेंटिमीटरच्या बारा पाळ्या धरा, ६. उसाला वर्षाकाठी २० च्या आसपास. दहा हेक्टर ऊस केला की २०० संपले. लोकांनी सांगितलेला बेत १०० हेक्टर हरभरा, २० गहू आणि ४० कांदा असेल तर ४३२ टीसीएम लागतात. १५३ कमी पडतात. कांदा १४ हेक्टरवर आणला तर बेरीज २७६ होते आणि हिशोब बसतो.

पण १४ हेक्टर कुणाचे? गाव भांडतं ते इथं. ज्याची विहीर मोठी त्याचा कांदा, असं झालं तर पुढच्या वर्षी मोजणीला कुणी फिरकणार नाही. नायगावचा नियम इथं कामाला येतो: १४ हेक्टर म्हणजे जवळपास ३५ एकर, सत्तर घरांना कांदा करायचा असेल तर घरटी अर्धा एकर. ठिबकवाल्याला जादा क्षेत्र देऊ नका. ठिबकने वाचलेलं पाणी बहुधा त्याच मालकाच्या वाढीव क्षेत्रात जातं.

हा सगळा तक्ता चावडीच्या भिंतीवर रंगवा, विहीरवार पातळीसकट.

एक गोष्ट मात्र डोळे झाकून आणू नका: नाला खोलीकरण. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला ते चाललं, कारण तापीच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत. मराठवाड्यातल्या पातळ मुरमात तेच केलं की पाणी धरणारा थरच खोदून निघतो आणि काठच्या विहिरींचं पाणी नाल्यात उतरतं. मुरूम संपून पाषाण लागला की पोकलेन थांबवा.

मेअखेरच्या मोजणीत पातळी गेल्या मेपेक्षा खाली निघाली तर २ टक्के जास्त धरले होते किंवा कुणीतरी चोरून जादा उपसलं. आधी जादा कांदा मोजून काढा. तो सापडला नाही तर पुढच्या वर्षी १.५ टक्के धरा.