लेखिका आणि चित्रकार येणारेत, त्याआधी एवढं करून ठेवा

यंदा आपल्या वाचनालयात मुलांच्या पुस्तकांची लेखिका आणि चित्रकार असे दोघंही येणारेत, आणि मागच्या वेळचा घोळ परत नको म्हणून डोक्यातलं सगळं एकदाच लिहून टाकतेय, क्रम बघू नका, जसं आठवतंय तसं.

तारखेवरून वाद नको. 2 एप्रिल हा आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन, हान्स अँडरसनचा वाढदिवस, मान्य, पण आपल्याकडे तेव्हा पोरं परीक्षेच्या तोंडावर असतात आणि आया पोरांपेक्षा जास्त. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, 14 नोव्हेंबरला बालदिन, म्हणजे त्या दोन दिवशी सगळ्याच शाळांना लेखक हवा असतो. म्हणून डिसेंबरातला शनिवार, दुपारी चार.

आता मेन काम. पुस्तकं पोरांच्या हातात कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी पडली पाहिजेत. बारा प्रती घ्यायच्या, एक प्रत एका घरी दोन दिवस, मग पुढच्या घरी, आणि कोणाकडे कुठली गेली ते एका वहीत लिहायचं, नाहीतर परत मिळायची नाहीत. एवढा खटाटोप कशाला असं कोणी विचारलं तर सांगा, पुस्तक न वाचलेलं पोर उठून "तुम्हाला लिहायची प्रेरणा कुठून मिळाली" एवढंच विचारतं आणि तेही बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं असतं. मागच्या वेळी दुसरीतल्या एका मुलीने घरी चारदा वाचलेलं पुस्तक उघडून चित्रकारालाच विचारलं, काका, मांजर या पानावर खिडकीत होती ना, मग पुढच्या पानावर खिडकी आहे आणि मांजर कुठेय? तो आधी हसला, मग पुस्तक हातात घेऊन पान मागेपुढे केलं आणि म्हणाला, "अगं, विसरलोच की मी." त्यानंतर पोरांनी त्याला अर्धा तास सोडलं नाही, प्रत्येकाला चूक शोधायची होती!

प्रती कमी पडल्या म्हणून पुस्तकाचे फोटो काढून पीडीएफ व्हॉट्सॅपवर फिरवायची नाही प्लीज. ज्यांच्या पुस्तकांसाठी हे करतोय त्यांच्याच पोटावर पाय. जास्तीचं वाचायला द्यायचंच असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी आहेत, खुल्या परवान्याच्या, लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून प्रिंट काढता येते. आणि 'किशोर'चे 1971 पासूनचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन ठेवलेत, त्यातली चित्रं मोठ्या पोरांना दाखवा, आजोबा लोक पण येऊन बसतील.

फ्लेक्स. इथे माझीच चूक होती. मागच्या वेळी लेखिकेचं नाव फूटभर आणि चित्रकाराचं नावच नाही, प्रूफ माझ्याकडे आलं होतं आणि मीच घाईत ओके टाकलं. तो काही बोलला नाही, पण ग्रुप फोटोच्या वेळी बरोबर कडेला जाऊन उभा राहिला, ते मला अजून खुपतं. माधुरी पुरंदरेंसारखं लिहिणं आणि चित्रं दोन्ही एकाच हाताने करणारं माणूस विरळा, बाकी ठिकाणी दोन माणसं असतात आणि लहान पोरांच्या पुस्तकात तर अर्धी गोष्ट चित्रातच असते. तेव्हा फ्लेक्सवर, पत्रिकेत, निवेदनात दोन नावं, सारख्या साइजची. मानधनाचं पाकीटही सारखं, प्रवासखर्च वेगळा, आणि आकडा फोनवर आधीच बोलून घ्या. शाल-श्रीफळ कॅन्सल, त्या पैशात दोन पुस्तकं येतात. आणि "जाता जाता आमच्या नातवाचं एक स्केच काढून द्या ना" म्हणणाऱ्यांना कोणीतरी चहाकडे वळवायचं, हे काम मी घेते.

गावात बोलवायचं कसं, तर या वेळी नुसती पोस्टरं नकोत. पुस्तकातली सहा पानं मोठी प्रिंट काढून सहा दुकानांत लावायची, पहिलं डेअरीत, दुसरं सलूनमध्ये, मग पिठाची गिरणी, रिक्षा स्टँड, किराणा, मेडिकल, प्रत्येक पानाखाली पुढचं पान कुठे लागलंय ते लिहायचं, आणि गोष्टीचा शेवट फक्त वाचनालयात. पोरं आईला ओढत फिरतील बघा, गिरणीवाले काका तर आत्ताच विचारतायत की मांजर आमच्याकडे कधी येणार. पण यासाठी परवानगी प्रकाशकाकडून लेखी घ्या, लेखिका फोनवर हो म्हणाली म्हणजे झालं असं नसतं, हक्क कोणाकडे आहेत बघावं लागतं, आणि प्रत्येक पानावर दोघांची नावं हवीतच.

विक्रीचं टेबल लावायचंय, पुस्तकं उरली तर परत घेण्याच्या बोलीवर दुकानदाराकडून आणायची. मागच्या वेळी पोरं टेबलाभोवती घुटमळली आणि खिशात एक रुपया नाही, म्हणून चार दिवस आधी पालकांना किमतीसकट मेसेज टाका आणि क्यूआर कोड टेबलावर चिकटवा. सहीच्या रांगेत प्रत्येक पोराच्या हातात नावाची चिठ्ठी द्या, श्रेया की श्रीया यातच वेळ जातो. सही दोघांची.

बाकी सामान किरकोळ. सतरंज्या, पाणी, माइक. चित्रकार समोर काढून दाखवणार आहे तर बोर्ड खाली ठेवा, पोरं जमिनीवर बसतात आणि त्यांना नुसती त्याची पाठ दिसते, किंवा मोबाइल स्टँडवर लावून प्रोजेक्टरला जोडा, पण वायर आदल्या संध्याकाळी लावून बघा. पोरांसाठी कोरे कागद, एका कागदाच्या घड्या घालून आठ भाग करायचे, मधोमध एक काप दिला की आठ पानांचं छोटं पुस्तक होतं, कात्री मात्र मोठ्यांच्या हातात. आणि मार्कर प्रत्येक झाकण उघडून कागदावर ओढून बघा, मागच्या वेळी सातातले चार सुकलेले निघाले होते.