जिवंत देखाव्यात १६४१ सालचा जपान: चिलखत, तलवार आणि कागदी भिंत

सुपरहिरो काळात मागे जातो आणि थेट सामुरायांच्या, म्हणजे तलवारधारी योद्ध्यांच्या, जपानात येऊन आदळतो, हा विषय गणपतीतल्या जिवंत देखाव्याला सोयीचा आहे. पात्रं पाच-सहा लागतात, १२ बाय १० फुटांचा रंगमंच पुरतो, आणि एक लढाई आली की रस्त्यावरची गर्दी थांबते. घोळ खर्चात होतो. सगळा पैसा सुपरहिरोच्या पोशाखावर जातो आणि सामुराय भाड्याच्या सॅटिन गाऊनमध्ये उभे राहतात. उलट करा. सुपरहिरोला एक घट्ट जर्सी, छातीवर चिन्ह आणि एलईडीची पट्टी भरपूर झाली, कारण त्याला बघताक्षणी सगळे ओळखतात. काळ उभा राहतो तो समोरच्या माणसांमुळे.

आधी साल ठरवा. ‘जुना जपान’ असं मोघम ठेवलं की संहितेत गेशा (नाचगाणं करणारी कलावंतीण), सुशी, निन्जा (छुपा हेर) सगळे एकदम घुसतात. १६४१ हे साल उत्तम. तोकुगावा घराण्यातला तिसरा शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, इएमित्सु तेव्हा एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, सत्तेवर होता. सम्राट क्योतोत होता, पण कारभार त्याच्या हाती नव्हता. पोर्तुगीजांना १६३९ मध्ये हाकललं होतं आणि १६४१ मध्येच डचांची वखार नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर हलवली गेली. परदेशी गेलेला जपानी माणूस परत आला तर देहदंड, असा हुकूम १६३५ चा. आपला हिरो किनाऱ्यावर नुसता उगवला तरी गुन्हेगार ठरतो. नाट्य शोधत बसायची गरजच उरत नाही. खलनायक मात्र इएमित्सुला करू नका. एखादा काल्पनिक दाइम्यो, म्हणजे सरदार, घ्या आणि त्याने चोरून बंदुका जमवल्यात असं दाखवा. तोड्याच्या बंदुका तिथे १५४३ पासून होत्या, त्यामुळे ‘बंदूक बघून सामुराय घाबरले’ हा विनोद लिहिला असेल तर काढून टाका. निवेदनात एक वाक्य जरूर घाला: त्या वर्षी शिवाजी महाराज ११ वर्षांचे होते आणि आपला हा सांगलीचा मुलूख विजापूरकरांकडे होता. सांगलीच्या प्रेक्षकाला काळ लगेच कळतो.

गेशा अठराव्या शतकातली, भातावर मासा ठेवलेली सुशी एकोणिसाव्या शतकातली, दोन्ही वगळा. काळ्या बुरख्यातला निन्जा हा पुष्कळसा तिथल्या नाटकातल्या काळे कपडे घालून सामान हलवणाऱ्या माणसांवरून आलाय असं मानतात. त्यामुळे तुमच्या नेपथ्य हलवणाऱ्या पोरांनाच काळे कपडे घाला. एकाने मध्येच हल्ला केला तर टाळ्या हमखास.

कपड्यांत एकच चूक अक्षम्य आहे. किमोनोची डावी बाजू उजवीच्या वर आली पाहिजे. उजवी वर घेतात ती फक्त मृताला नेसवताना. घाईत निम्मी मुलं उलटं गुंडाळतात, म्हणून डाव्या काठाला आतून लाल दोऱ्याचा टाका घाला आणि ‘लाल बाजू शेवटी’ एवढंच पाठ करून घ्या. कापडासाठी जुनी सुती साडी चालते, पण गडद निळी, तपकिरी किंवा राखी. जर आणि चमक नको. खालचा हाकामा म्हणजे घेरदार पायजमा, पुढे पाच चुण्या आणि मागे दोन. चुण्यांवर इस्त्री करून वरच्या सहा इंचांत शिलाई मारा, नाहीतर दुसऱ्या प्रयोगाला तो नुसता लेंगा दिसतो. पायात अंगठ्याची फट असलेले पांढरे मोजे. चटईवर चपला घालून कोणीही चढायचं नाही, दुष्ट दाइम्योनेसुद्धा.

आता चिलखत. एक गोष्ट लक्षात ठेवा, १६४१ मध्ये शांतता होती. सामुराय रोज चिलखत घालून हिंडत नव्हते. ते फक्त शेवटच्या लढाईत दोघांना घाला, म्हणजे दोनच बनवावी लागतील. खरं चिलखत २० किलोच्या आसपास भरायचं, आपलं तीन किलोंच्या आत बसतं. पण रात्रीत पाच-सहा प्रयोग होणार, म्हणजे अंधारात मिनिटभरात चढेल आणि उतरेल असंच बनवायचं.

छातीसाठी फ्रीज किंवा कूलरचं मोठं खोकं लागतं. खालच्या झालरीला आणि खांद्यांना तासगाव-मिरज पट्ट्यात मिळणारी द्राक्षांची रिकामी खोकी छान. छापील बाजू आत टाका. खोक्याच्या पुठ्ठ्यात आत बारीक नळ्या असतात. पट्ट्या छातीभोवती आडव्या वळणार, तर त्या नळ्या उभ्या आल्या पाहिजेत. नळ्या आडव्या ठेवून कापलं की पुठ्ठा गोल वळतच नाही, कुठेतरी कचकन मोडतो आणि ती घडी रंगाखालीही दिसते. तरीही वळत नसेल तर मागच्या बाजूने लाटणं फिरवा.

३६ इंच छातीच्या मुलाला ४० इंच घेर धरा: पुढे २२, मागे १८. पुढच्या भागाला साडेतीन इंच रुंदीच्या पाच पट्ट्या, एकमेकींवर अर्धा इंच चढवून. उंची साडेपंधरा इंच होते. चिकटवायला रबर सोल्यूशन वापरा. दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटणं थांबेपर्यंत साधारण दहा मिनिटं थांबायचं, मग दाबायचं. ओलं असताना दाबलं की पट्टी घसरते आणि तिसऱ्या प्रयोगाला सुटते. डाव्या कुशीला कापडी पट्टी चिकटवून बिजागरी करा, उजवी कूस वेलक्रोने बंद. खऱ्या चिलखतातही उजवीकडेच गाठ असायची. वेलक्रोवर दिखाऊ नाडी बांधा. खांद्याला दोन इंची नवारीचे पट्टे.

कमरेखालची झालर सात तुकड्यांची. प्रत्येक तुकडा वर पाच इंच, खाली साडेसहा, आणि चार ओळींचा. एकेक ओळ अडीच इंच उंच, लटकताना अर्धा इंच एकमेकींवर. या ओळी चिकटवायच्या नाहीत, नाडीने ओवायच्या. नाडीच्या जोड्या तुकड्यामागे दोन. भोकं काठापासून अर्धा इंच आत पाडा, त्याहून जवळ पाडली की पुठ्ठा फाटतो. भोकाखाली आधी कापडी टेप लावा. पहिल्यांदा करणारे नाडी ताणून बांधतात. मग झालर छत्रीसारखी बाहेर येते आणि मुलाला गुडघ्यावर बसताच येत नाही. सैल ठेवा, बसल्यावर ओळी एकमेकींत सरकल्या पाहिजेत. खांद्यांची ढाल नऊ इंच रुंद, बारा इंच लांब, याच पद्धतीने. एका चिलखताला ३० मीटर नाडी आणा. काळ्या चिलखतावर लाल किंवा गडद निळी नाडी उठून दिसते, सोनेरी लेस मात्र लग्नाच्या बँडची आठवण करून देते.

रंगाआधी कापलेल्या कडांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवा, नाहीतर नळ्यांची तोंडं पहिल्या रांगेतून दिसतात. मग फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून दोन हात, आणि हे दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला लावलं तर पुठ्ठा पापडासारखा वळतो. वर काळा ऑइलपेंट. मूळ चिलखतावरच्या लाखेची झाक तशीच येते. भाद्रपदातल्या ओल्या हवेत ऑइलपेंट वाळायला दोन-तीन दिवस घेतो, म्हणून गणपतीच्या आदल्या रात्री रंगवायला बसू नका. कुठे थर्माकोल वापरला असेल तर त्यावर स्प्रेपेंट किंवा सोल्यूशन लावू नका, विरघळून खड्डे पडतात.

शिरस्त्राणाला बांधकामावरचं पिवळं हेल्मेट घ्या. मागे मानेवर तीन-चार वक्र ओळी, पुढे सोनेरी पुठ्ठ्याची दोन शिंगं, दहा इंचांहून मोठी नकोत. शिंगांच्या वजनाने हेल्मेट डोळ्यांवर येतं. मागे आतून नटबोल्ट चिकटवून तोल साधा आणि हनुवटीचा पट्टा विसरू नका. तोंडावरचा अर्धा मुखवटाही जरूर करा. संवाद रेकॉर्डेड असतील तर ओठ जुळवायची कटकटच मिटते.

तलवार नऊ एमएम प्लायची: पातं २७ इंच, मूठ दहा. वाक पाऊण इंचापेक्षा जास्त नको, जास्त झाला की ती आपली तलवार दिसते. टोक आणि धार पॉलिशपेपरने गोल करा, वर चंदेरी रंग. धातूची पट्टी लावू नका, खरं पातं तर मंडपात आणूच नका. ही तलवार डाव्या कमरेला, कमरपट्ट्यात खोचून, धार आकाशाकडे. बाजूला आखूड तलवारही हवी. सामुरायाची ओळख ती जोडी आहे. घरात बसताना लांब तलवार काढून स्वतःच्या उजवीकडे ठेवतात, म्हणजे ‘आत्ता उपसणार नाही’. दाइम्यो ती हळूच डावीकडे सरकवतो, एवढ्यावरच एक प्रसंग उभा राहतो.

लढाईत आपल्याकडच्या मर्दानी खेळातल्या पोरांची सवय आड येते. दांडपट्ट्यासारखे हात गरगर फिरवायचे नाहीत. मूठ दोन्ही हातांत, गुडघे वाकलेले, बराच वेळ स्तब्ध, मग एकच वार. आठ वार बसवा, जास्त नकोत. प्रत्येक वार समोरच्याच्या तलवारीवर, अंगावर नाही. हेल्मेट घालून बाजूचं दिसत नाही, म्हणून तालीम पहिल्या दिवसापासून हेल्मेटसकट.

मागे कागदी भिंत. सहा फूट बाय तीन फुटांच्या तीन चौकटी, इंची पट्ट्यांच्या, आत चौकोनांची जाळी. बटर पेपर दमट हवेत सैल पडतो, त्याऐवजी पांढरं मांजरपाट ताणून ठोका. मागून एलईडी फ्लड लावा. हॅलोजन कापडाजवळ नको, जळतं. दिवा माणसाच्या मागे जितका जवळ तितकी सावली मोठी. दाइम्योची अवाढव्य सावली आधी, माणूस नंतर. सुपरहिरो येतो तो याच भिंतीमागून, तीनदा उजेड मारून. धुराचं यंत्र पाच सेकंदांहून जास्त चालवलं तर फळ्या ओलसर होतात आणि मोजे घातलेला सामुराय पहिल्याच वाराला आडवा होतो.

आवाजात घंटा घ्या, पण आपल्या देवळातली ठणठण नको. तिथल्या घंटेला आत लोळी नसते. बाहेरून ओंडक्याने ठोकतात, घुमारा खोल येतो. वेळ सांगायची रीतही निराळी: मध्यान्ह आणि मध्यरात्रीला नऊ ठोके, मग आठ, सात, सूर्यास्ताला सहा, नंतर पाच, चार, आणि पुन्हा नऊ. हिरोला ‘सहाचे ठोके पडायच्या आत’ परतायचं असेल तर गोष्टीचं घड्याळ आयतं मिळालं. सगळं मिळून बारा मिनिटांत बसवा; दोन प्रयोगांमध्ये दहा मिनिटं कपड्यांना लागतातच आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा असतो.

प्रयोग संपला की चिलखत खुंटीला टांगू नका, झालरीची भोकं ओढली जातात. रिकाम्या घागरीवर किंवा उपड्या खुर्चीवर चढवा, वर प्लॅस्टिकचा कागद. पेटीत सोल्यूशनची ट्यूब, पाच मीटर जादा नाडी, कापडी टेप आणि काळ्या रंगाची छोटी डबी ठेवा. पावसाची सर आली तर आधी हेल्मेट नाही, झालर झाका. भिजलेली झालर रात्रीत वाळत नाही.