जंक्शनवरील सिग्नल आणि रुळांतील बदलांची नोंद कशी ठेवावी

प्रथम जंक्शनचा एकरेषी नकाशा (प्रत्येक मार्ग एकाच रेषेने दाखवणारा) काढून प्रत्येक मार्ग, सांधा (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारी रुळांची रचना) आणि सिग्नल यांना क्रमांक द्यावा व नकाशावर तारीख घालावी. तारखेविना नकाशा पुढे फारसा कामाचा राहत नाही. छायाचित्रे नेहमी फलाट, पादचारी पूल अशा खुल्या जागेवरूनच, शक्यतो त्याच कोनातून घ्यावीत. रुळांवर उतरू नये.

बदलाची चाहूल बहुधा जमिनीत लागते: आधी केबलसाठी चर खणले जातात, मग पाया घातला जातो आणि त्यानंतर खांब उभा राहतो. नवा सिग्नल कार्यान्वित होईपर्यंत झाकलेला, बाजूला वळवलेला किंवा फुलीने बाद दाखवलेला असतो; म्हणून तो उभारल्याची आणि सुरू झाल्याची तारीख वेगवेगळी लिहावी. सांध्याजवळ तो हलवणारी नवी मोटर दिसली, तरी जोडणी झाली आहे असे लगेच गृहीत धरू नये.

रुळाच्या उभ्या बाजूवर उत्पादकाची खूण, वजनाचा प्रकार आणि वर्ष उठवलेले असते. फलाटावरून दुर्बिणीने ते अनेकदा वाचता येते, मात्र ते वर्ष रूळ घडवल्याचे असते, बसवल्याचे नव्हे. जुने रूळ दुय्यम मार्गांवर पुन्हा वापरले जात असल्याने हा फरक विशेष जपावा. ऐकीव माहिती पेन्सिलीने, पाहिलेली शाईने लिहावी.