टॉवर नक्की कुठाय? खाडीकाठच्या घरातून रेंजचा माग काढायचा कसा

आमचं घर शास्त्री नदीच्या खाडीकाठी, मागे डोंगर, पुढे पाणी, भिंती चिऱ्याच्या. रेंज हवी तर खळ्यात फेऱ्या मारा, नाहीतर गडग्यावर चढा, ही पद्धत वर्षानुवर्षं चालू होती. आईला डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायचं असलं की दर दोन मिनिटांनी आवाज जायचा, म्हणून शेवटी ठरवलं की टॉवर कुठे आहे ते नीट शोधायचं आणि अँटेना तिकडेच तोंड करून लावायची.

पहिली गोष्ट, फोनवरच्या दांड्या विसरा, दर कंपनीचा फोन त्या आपल्या हिशोबाने दाखवतो. आकडा बघा. अँड्रॉइडवर नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपर टाका (लोकेशन चालू ठेवावं लागतं), आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करा. त्यात आरएसआरपी म्हणून उणे आकडा दिसतो, ती टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद, उणे ८० म्हणजे मस्त, उणे १०० म्हणजे चालेल, उणे ११५ च्या खाली गेलं की कॉल रडायला लागतो. ३ ने फरक म्हणजे ताकद दुप्पट किंवा निम्मी, १० ने म्हणजे दहापट, म्हणून उणे ९५ आणि उणे १०५ जवळजवळ सारखेच असं समजू नका.

सोबत पीसीआय आणि बँड (फोन कुठल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर आहे तो) पण लिहून ठेवा. पीसीआय ही टॉवरच्या त्या बाजूच्या अँटेनाची ओळख, आणि मोजता मोजता फोन गुपचूप दुसऱ्या टॉवरवर उडी मारतो तेव्हा हाच बदललेला दिसतो. बदलला की ते माप सोडून द्या, नाहीतर दोन टॉवरची खिचडी होते. माझा पहिला अख्खा रविवार याच्यातच फुकट गेला.

आता मोजायचं कसं. फोन वीतभर सरकवला तरी आकडा ५-७ ने हलतो, त्यात फोनचा दोष नाही. ८५० मेगाहर्ट्झची लाट साधारण ३५ सेंटीमीटरची आणि २३०० ची १३ सेंटीमीटरची, थेट आलेली लाट आणि डोंगरावर, पाण्यावर आपटून आलेली लाट एका जागी मिळून वाढतात तर वीतभर पुढे एकमेकींना मारतात. म्हणून एका जागी उभं राहून एकच आकडा घेऊ नका, दोन-तीन पावलांच्या गोलात हळूहळू फिरत १०-१५ आकडे घ्या आणि सरासरी काढा.

दिशेसाठी स्वतःचं अंग वापरा. फोन छातीशी धरून आठ दिशांना तोंड करून प्रत्येकी वीसेक सेकंद उभे राहा, अंगात पाणी भरपूर म्हणून पाठ टॉवरकडे असली की आकडा पडतो. सगळ्यात जास्त कुठे आहे यापेक्षा सगळ्यात कमी कुठे होतोय ते बघा, तो खड्डा जास्त स्पष्ट असतो, टॉवर त्या वेळच्या तुमच्या पाठीमागे. ८५० वर लाट अंगाला वळसा घालून येते, म्हणून जमलं तर १८०० किंवा २३०० च्या बँडवर मोजा. पत्र्याच्या शेडजवळ तर मोजूच नका.

पण एका जागेवर विश्वास ठेवायचा नाही. आमच्या खळ्यातून दिशा आली मागच्या डोंगराकडे, तिथे तर नुसती काजूची झाडं! मग सड्यावर मोकळ्यात जाऊन मोजलं, तिथून रेघ सरळ खाडीपलीकडे गेली, बंदरावरून मोजलं तर तीही पलीकडेच. म्हणजे घरी येत होती ती डोंगरावर आपटून परतलेली लाट. तीन जागा घ्या, एकमेकींपासून किमान अर्धा-एक किलोमीटर लांब आणि एका ओळीत नसलेल्या, नकाशावर रेघा मारा, जिथे छेदतात तिथे आसपास टॉवर. रेघा एका बिंदूत कधीच येणार नाहीत, छोटा त्रिकोण येतो, तेवढं पुरे.

काही फोनवर टायमिंग ॲडव्हान्स पण दिसतो, म्हणजे लाटेला टॉवरपर्यंत लागणाऱ्या वेळेवरून अंतर सांगणारा आकडा, फोरजीत त्याचा १ म्हणजे साधारण ७८ मीटर. सड्यावर मला ४० दिसला, म्हणजे ३ किलोमीटरच्या थोडं वर, रेघेवर तेवढं अंतर मोजलं तर त्रिकोणातच पडलं. आपटून आलेल्या लाटेला वाट जास्त पडते, त्यामुळे हे अंतर खऱ्यापेक्षा मोठं येऊ शकतं, लक्षात असू द्या. पडताळायला दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर आसपासचे टॉवर बघता येतात. सेलमॅपरवरचे टॉवरचे ठिपके मात्र बरेचदा लोकांच्या मोजणीवरून काढलेला अंदाज असतो.

जागा कळली की बाहेरची अँटेना लावता येणारा फोरजी राउटर घ्या. बाजारात मिळणारा बूस्टर नको, परवान्याशिवाय तो लावणं बेकायदा आहे आणि अख्ख्या वाडीची रेंज बिघडवतो. राउटर माळ्यावर ठेवा आणि केबल जितकी आखूड तितकी चांगली, लांब केबल मिळवलेलं सगळं खाऊन टाकते. आमची अँटेना कौलांच्या वर खाडीकडे तोंड करून आहे, उणे ११२ चे उणे ९७ झाले आणि आई आता पडवीत बसूनच डॉक्टरांशी बोलते. नट मात्र घट्ट आवळा आणि पाऊस संपला की दिशा परत तपासा, जून-जुलैच्या वाऱ्यात ती हमखास फिरते.