'टाइप ३ फॉन्ट' म्हणून पेपरची पीडीएफ परत येत असेल तर

शोधनिबंधाच्या सबमिशनच्या तपासणीत पीडीएफ दरवेळी नापास: 'टाइप ३ फॉन्ट सापडले' (टाइप ३ म्हणजे पीडीएफमध्ये अक्षरे साठवायचा एक प्रकार). लाटेकमधला (पेपर ज्यात लिहितो त्या प्रणालीतला) फॉन्ट बदलला, पीडीएफ पुन्हा प्रिंट करून पाहिली. ढिम्म फरक नाही. अक्षरशः वैताग. दोष मजकुरात नव्हताच, आलेखांत होता: मॅटप्लॉटलिब (आलेख काढायची पायथन लायब्ररी) पीडीएफमधली अक्षरे मुळात टाइप ३ म्हणूनच साठवते.

आधी अॅक्रोबॅटमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट्स उघडा. टाइप ३ पुढे 'डेजाव्हू सान्स' (मॅटप्लॉटलिबचा नेहमीचा फॉन्ट) दिसला, तर दोषी आलेखच. मग आलेखाच्या स्क्रिप्टमध्ये, आकृती सेव्ह करायच्या ओळीआधी, आरसीपॅराम्समधली (मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग्जमधली) 'पीडीएफ डॉट फॉन्टटाइप' ही किंमत ४२ (म्हणजे ट्रूटाइप) करा. आलेख ईपीएस (आकृत्यांचा आणखी एक फाइल प्रकार) म्हणून सेव्ह करत असाल तर 'पीएस डॉट फॉन्टटाइप'चीही. सगळे आलेख नव्याने सेव्ह करा (एकही जुना राहिला तरी तपासणी अडतेच), मग पेपर पुन्हा कंपाइल करा. फॉन्टच्या यादीत आता त्याच नावापुढे ट्रूटाइप दिसेल.