होल-सेलला बसण्याआधी: सिरीज रेझिस्टन्सची तयारी

उद्या रिगवर, म्हणजे काचेच्या बारीक पिपेटने पेशीचा पडदा फोडून तिचा करंट मोजायच्या (होल-सेल) यंत्रावर, बसायचं असेल तर पिपेटमधली इलेक्ट्रोडची चांदीची तार आज संध्याकाळीच बघून ठेवा. चांदीच्या दागिन्यांचं गाव हुपरी हाकेच्या अंतरावर असलं तरी दागिन्याची तार इथे चालत नाही, तिच्यात तांबं असतं. शुद्ध चांदीचीच तार घ्यायची, जांभळट-करडी होईपर्यंत ब्लीचमध्ये बुडवायची आणि स्वच्छ धुवायची. कुठे चकचकीत राहिली तर बेसलाइन (करंटची मूळ रेषा) दिवसभर सरकते. पिपेटचं द्रावण 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून बर्फावर ठेवा.

पिपेट मात्र त्याच दिवशी ओढा. जुलैत कोल्हापुरात पावसाने मुक्काम ठोकला की हवा दमट होते, आणि उन्हाळ्यात बसवलेलं पुलरचं (काच तापवून पिपेट ओढणाऱ्या यंत्राचं) सेटिंग तेव्हा लागू पडेलच असं नाही. टोक बाथमध्ये (पेशी ठेवलेल्या द्रावणात) बुडवून 5 मिलिव्होल्टचा पल्स द्या. 2 नॅनोअँपिअरची पायरी दिसली तर रेझिस्टन्स 2.5 मेगाओम. सोडियमसारख्या मोठ्या करंटला मी 3 मेगाओमच्या वरची पिपेट घेत नाही. टाकून द्या, काचेची हळहळ नको. पेशीचा पडदा फोडून आत गेल्यावर हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो, त्यालाच सिरीज रेझिस्टन्स (इलेक्ट्रोड आणि पेशीच्या मधला अडथळा) म्हणतात, आणि पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

समजा आत गेल्यावर 10 मेगाओम आले आणि सोडियमचा 3 नॅनोअँपिअर करंट आत वाहिला. 30 मिलिव्होल्टची चूक झाली! स्क्रीन -20 दाखवतो, पेशी असते +10 ला. अँप्लिफायरवरून या चुकीची 70 टक्के भरपाई केली तरी 9 मिलिव्होल्ट उरतातच. हा हिशेब न केल्यामुळे माझी आठवडाभराची रेकॉर्डिंग वाया गेली होती. तेव्हापासून तो मी सेलला हात लावण्याआधी वहीत मांडते.

भरपाईचा क्रम चुकवू नका. गिगासील झालं (पिपेटचं टोक पडद्याला घट्ट चिकटलं) की पिपेटची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) नॉबने काढून टाकायची, आत गेल्यावर पेशीची, आणि मगच सिरीज रेझिस्टन्सचा नॉब. तो दहा-दहा टक्क्यांनी वाढवा, प्रत्येक वेळी पेशीच्या कपॅसिटन्सचा नॉब पुन्हा जुळवा. पल्सच्या कडेला बारीक थरथर दिसली की लगेच मागे या. ती वाढली तर पडद्यावर जबरदस्त व्होल्टेज बसतं आणि सेल क्षणात जातो. पिपेटला टोकाजवळ सिलगार्डचा (सिलिकॉन रबरचा) लेप दिला आणि बाथमधलं पाणी उथळ ठेवलं तर ही थरथर उशिरा सुरू होते, म्हणून हे दोन्ही आधीच करून ठेवा.

वहीत वेळ, सिरीज रेझिस्टन्स, पेशीची कपॅसिटन्स आणि भरपाईचे टक्के असे चार रकाने आखा. दर पाच मिनिटांनी भरपाई बंद करून आकडा नव्याने घ्या. सुरुवातीपेक्षा तो 20 टक्क्यांहून जास्त बदलला, तर ट्रेस कितीही देखणा असो, तो सेल विश्लेषणात घेऊ नका.