घरी बनवलेल्या आर्केड मशीनमधली गुणगुण : या चुका टाळा

आर्केड मशीनचं (उभ्या पेटीतल्या व्हिडिओ गेमचं) कॅबिनेट रंगवून झालं, बटणं बसली, गेम सुरू झाला आणि कुणी काही दाबायच्या आधीच स्पीकरमधून घूंऽऽ. यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो : "कोणता फिल्टर घेऊ?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर न देता मीच उलट विचारतो, आवाज नेमका कसा आहे? बहुतेकांना सांगता येत नाही. महिनाभर त्या आवाजाने डोकं उठलेलं असतं, पण कान देऊन तो ऐकलेला नसतो. माझ्या मते ही सगळ्यांत मोठी चूक. बाकीच्या चुका तिच्यातूनच निघतात.

गेम न बदलणाऱ्या स्क्रीनवर थांबवा आणि ऐका. सलग, जाड घूं असेल तर ती मेन्सची, म्हणजे घरच्या विजेची, गुणगुण. वीज ५० हर्ट्झची असेल तर ५० किंवा १००, ६० हर्ट्झची असेल तर ६० किंवा १२०. कॅबिनेटमधला ४ इंची स्पीकर ५० हर्ट्झ धड वाजवू शकत नाही, कानावर येतात ते त्याचे वरचे हार्मोनिक, म्हणजे पटीतले सूर. त्यामुळे निव्वळ कानाने ५० की १०० हे ठरवू नका, फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं अ‍ॅप घ्या. नुसतं सूंऽ असेल तर अ‍ॅम्पचा (स्पीकर वाजवणाऱ्या सर्किटचा) गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, गरजेपेक्षा जास्त आहे. आणि स्क्रीनवर काही हललं की बदलणारी किरकिर असेल, तर प्रोसेसरचा करंट ग्राउंडमधून (करंट परत नेणाऱ्या समाईक तारेतून) ऑडिओत शिरतोय.

मग ऑडिओची पिन अ‍ॅम्पमधून काढा. पण इनपुट उघडं ठेवून निष्कर्ष काढू नका, उघडं इनपुट स्वतःच गुणगुणतं. त्या इनपुटचे सिग्नल आणि ग्राउंड एका छोट्या तारेने जोडा, मग ऐका. तरीही आवाज असेल तर दोष अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याच्या सप्लायमध्ये. थांबला तर तो ऑडिओच्या वायरीवाटे येत होता. दोन मिनिटांचं काम आहे, आणि अर्धं कॅबिनेट संशयातून बाहेर पडतं.

सगळं एकाच ५ व्होल्टच्या सप्लायवर लटकवणं

ही चूक मला सर्वांत जास्त दिसते, म्हणून सविस्तर सांगतो. एका मित्राने दोन खेळाडूंचं कॅबिनेट बनवलं. आत रास्पबेरी पाय (एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटर), पीएएम८४०३चा छोटा अ‍ॅम्प, वर मार्कीमागे (गेमच्या नावाच्या पाटीमागे) एलईडी पट्टी, आणि या सगळ्यांना मिळून ५ व्होल्टचा एकच एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय). किरकिर अशी की मेनूत खालीवर गेलं तरी स्पीकर सांगायचा. तीन आठवड्यांत त्याने दोनदा अ‍ॅम्प बदलला, दिसेल त्या वायरीवर फेराइटचं कडं चढवलं, शेवटी सगळी वायरिंग अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळली. फरक शून्य.

मी जाताना फक्त पॉवर बँक नेली. अ‍ॅम्पच्या सप्लायच्या दोन्ही तारा एसएमपीएसवरून सोडवून पॉवर बँकेला लावल्या. शांत. एकदम शांत.

कारण तारांच्या वाटेत होतं. सप्लायपासून निघालेली एकच जोडी आधी पट्टीला, तिथून अ‍ॅम्पला, तिथून पायला गेली होती. म्हणजे पायचा सगळा करंट परत येताना अ‍ॅम्पच्या ग्राउंडवरून जायचा. २४ गेजची तार मीटरला साधारण ०.०८ ओहम धरते, अर्ध्या मीटरला ०.०४. त्यातून १ अँपिअर गेला की दोन टोकांत ४० मिलिव्होल्टचा फरक. घरगुती लाइन लेव्हलचा (ऑडिओच्या वायरीतला) सिग्नल जेमतेम ३०० मिलिव्होल्टचा! पायचं काम कमीजास्त होईल तसा हा फरक हलतो, आणि अ‍ॅम्पला तो सिग्नलच वाटतो. शिवाय ऑडिओ केबलची जाळी पाय आणि अ‍ॅम्पची ग्राउंड दुसऱ्या वाटेने जोडतेच, त्यामुळे करंटचा काही भाग तिच्यातूनही वाहतो. फॉइल हवेतून येणारा उपद्रव अडवते. हा तांब्यातून येत होता.

माझी सवय अशी : अ‍ॅम्पला स्वतंत्र सप्लाय, पहिल्या दिवसापासून. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि टीपीए३११०सारखा ८ ते २६ व्होल्टवर चालणारा अ‍ॅम्प. अ‍ॅडॉप्टर असा घ्यायचा की ज्याच्या आउटपुटची निगेटिव्ह अर्थला जोडलेली नाही. मग अ‍ॅम्प आणि पायची ग्राउंड फक्त ऑडिओ केबलमधून एकत्र येते आणि ग्राउंडचा फेरा (करंटला फिरायला बंद वाट) तयारच होत नाही. एकच सप्लाय ठेवायचा असेल तर निदान प्रत्येकाची वेगळी, जाड जोडी थेट सप्लायच्या टर्मिनलपासून न्या. याने किरकिर कमी होते, पूर्ण जाईलच असं नाही. ऑडिओच्या वायरीत ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर घातला तरी फेरा तुटतो, पण स्वस्तातले आयसोलेटर खालचे सूर खातात. स्फोटाचा आवाज टिचकीसारखा यायला लागला तर एवढं कॅबिनेट बांधलं कशाला? म्हणून आयसोलेटर मी शेवटी वापरतो, आणि लोक सुरुवातच त्याच्यापासून करतात.

अर्थची पिन तोडणं

याबद्दल मला मऊ बोलता येत नाही. मशीनमध्ये कॉम्प्युटर असेल, त्याला अर्थ आहे. मोठा अ‍ॅम्प असेल, त्यालाही अर्थ आहे. दोघांना ऑडिओ केबल जोडते, ग्राउंडचा फेरा पूर्ण होतो आणि गुणगुण सुरू. कुणीतरी सांगतं, एका प्लगची अर्थ पिन काढून टाक. खरंच गुणगुण थांबते, आणि म्हणूनच हा सल्ला पसरतो.

असं एक मशीन माझ्यासमोर आलं होतं. धातूच्या कंट्रोल पॅनेलवर हात ठेवला की बोटांना मुंग्या. मीटर लावला तर पॅनेल आणि अर्थ यांच्यात मेन्सच्या जवळजवळ निम्मा व्होल्टेज. सप्लायच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे एकेक कॅपॅसिटर असतो. अर्थ काढली की बॉडी त्या दोघांच्या मधोमध तरंगते. तो करंट थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या आत फेजची एखादी तार सुटून बॉडीला टेकली, तर फ्यूज उडवायला वाटच उरलेली नसते, आणि पॅनेलवर बहुधा लहान मुलाचे हात असतात. अर्थ परत जोडल्याशिवाय मी त्या मशीनच्या आवाजाकडे पाहिलंही नाही.

योग्य उपाय साधा आहे. सगळे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा, फेरा लहान होतो. टीव्ही मॉनिटर म्हणून वापरत असाल तर त्याची केबलची किंवा अँटेनाची वायर काढून ऐका, बरेचदा फेरा तिथून पूर्ण होत असतो. एवढं करूनही गुणगुण उरली, तर आयसोलेटर ऑडिओच्या वायरीत. तोडायचा फेरा तिथे. अर्थला हात लावायचा नाही.

थोडक्यात निपटणाऱ्या चुका

पीएएम८४०३सारख्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो. डाव्या-उजव्याच्या निगेटिव्ह एकत्र बांधू नका, ग्राउंडलाही टेकवू नका. अ‍ॅम्प जातो.

जामाच्या (आर्केड गेम बोर्डांच्या ठरलेल्या कनेक्टरच्या) जुन्या बोर्डावर पिन १० आणि पिन एल यांवर मिळतो तो आधीच अ‍ॅम्पमधून आलेला, थेट स्पीकरसाठीचा आवाज. तो तसाच दुसऱ्या अ‍ॅम्पच्या इनपुटला दिलात तर फाटणारच. रेझिस्टरचा डिव्हायडर लावून सिग्नल लहान करा, आणि निगेटिव्ह ग्राउंडच आहे असं मीटरने तपासल्याशिवाय धरून चालू नका.

सॉफ्टवेअरमध्ये आवाज ३० टक्के आणि अ‍ॅम्प पूर्ण पिळलेला : सूंऽ याचीच. उलटं करा.

रास्पबेरी पायच्या ३.५ मिलिमीटर जॅकमधला आवाज पीडब्ल्यूएमने, म्हणजे झटपट चालू-बंद होणाऱ्या पल्सने, बनतो, त्यात थोडी सूंऽ राहते. डिदर (मुद्दाम मिसळलेला बारीक नॉइज) बंद करण्याची सेटिंग आहे, ती वापरून पाहा. मी तर सरळ यूएसबी साउंड कार्ड लावतो.

एलईडी पट्टीचा डिमर पूर्ण उजेडावर नेल्यावर आवाज थांबला, तर गुन्हेगार सापडला. तो डिमर काढा.

सीआरटी (जुना पिक्चर ट्यूबचा मॉनिटर) असलेल्यांनी सिग्नलच्या वायरी पिक्चर ट्यूबच्या मानेजवळून नेऊ नयेत. तिथल्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र साध्या जाळीने अडत नाही. पीळ दिलेली जोडी आणि अंतर, एवढंच चालतं. बंद केल्यावरही ट्यूबवर हजारो व्होल्ट साठून राहतात, त्यामुळे डिस्चार्ज कसा करायचा हे माहीत नसेल तर मागे हात घालू नका. आणि जुन्या आर्केड मॉनिटरचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर "गुणगुणतो" म्हणून काढून टाकू नका. बऱ्याच चॅसिस (मॉनिटरच्या आतली सर्किटं) थेट मेन्सवर असतात, तो ट्रान्सफॉर्मर जीव वाचवायला आहे. तो स्वतः घुमत असेल तर त्याच्याखाली रबर घाला.

शेवटची तपासणी मागचं दार लावून करा. उघड्या कॅबिनेटमध्ये सगळं शांत असतं. दार दाबलं की मोकळी सोडलेली ऑडिओची वायर नेमकी मेन्सच्या वायरीवर जाऊन बसते आणि घूं परत येते. मी ऑडिओ एका भिंतीला आणि मेन्स समोरच्या भिंतीला क्लिपने ठोकतो. एकमेकींना ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात.